भुलीचं औषध बदललं की गुठळीची वेळही बदलते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : फेरिक क्लोराइड या रसायनाने उंदराच्या मानेतल्या कॅरोटिड धमनीत रक्ताची गुठळी धरवायची आणि अर्क दिल्यावर रक्तप्रवाह बंद पडायला किती जास्त वेळ लागतो ते मोजायचं. कंट्रोल गट (अर्क न दिलेले उंदीर) पूर्ण आणि अर्काचे अर्धे उंदीर केटामाइन-झायलाझिन या भुलीवर झाले. पुढे यवतमाळात केटामाइन मिळेना, म्हणून उरलेले आयसोफ्लुरेन या हुंगवायच्या भुलीवर घेतले. आता सगळे आकडे एकत्र धरता येतील का?

नाही भाऊ, धरू नका. गाइडचा कितीही आग्रह असला तरी.

या मॉडेलमध्ये आपण शेवटी मोजतो ती फक्त वेळ. धमनीचं आतलं अस्तर दुखावलं की प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) तिथे चिकटतात, एकमेकींना धरतात आणि काही मिनिटांत धमनी बुजते. त्या किती जोमाने चिकटतील हे बरंचसं रक्ताच्या वेगावर आणि भिंतीवरच्या घर्षणावर ठरतं. म्हणजे ठोके, रक्तदाब, धमनीचा व्यास यांतलं काहीही हललं की आकडा हलू शकतो, अर्काचा थेंबही न देता. भूल नेमकं हेच हलवते. झायलाझिन ठोके मंदावतं, दाब आधी चढवून मग उतरवतं, इन्सुलिन दाबून साखर वाढवतं. केटामाइनचा ओढा ठोके वाढवण्याकडे. आयसोफ्लुरेन रक्तवाहिन्या सैल करतं. भूल जितकी खोल तितका दाब खाली. काही भुली तर थेट प्लेटलेटवरच काम करतात : हॅलोथेन आणि सेव्होफ्लुरेन त्यांचं एकत्र येणं कमी करतात.

डोसही दुसऱ्या प्राण्यावरच्या पेपरमधून उचलू नका. मी गुराढोरांचा डॉक्टर. शिंगाच्या कॅन्सरचा बैल ऑपरेशनला घेतो तेव्हा घोड्याच्या साधारण एक दशांश झायलाझिन त्याला पुरतं.

आता आपल्याकडच्या उन्हाचं बोलतो, कारण पुण्या-मुंबईचे लोक हे सांगणार नाहीत. आयसोफ्लुरेन ४८.५ अंशांना उकळतं. बंद बरणीत त्याचा बोळा ठेवून भूल देत असाल, तर २० अंशांना त्या हवेत सुमारे ३२ टक्के वाफ होते आणि ३५ अंशांना जवळपास ६० टक्के. मे महिन्यात खोलीचा एसी बंद असेल तर बोळा तोच, बरणी तीच, पण भूल जानेवारीची राहत नाही. म्हणून व्हेपोरायझरच (वाफेचं प्रमाण ठरवून देणारं यंत्र) वापरा आणि खोलीचं तापमान रोज लिहा. याच्या उलटही होतं. भुलीतल्या उंदराला अंगची ऊब राखता येत नाही. एसी चालू आणि हीटिंग पॅड लोडशेडिंगमुळे बंद, की तो झपाट्याने गार पडतो. गार रक्तात प्लेटलेट आणि गोठण्याचे घटक दोन्ही सुस्तावतात, गुठळी उशिरा धरते आणि आपल्याला वाटतं अर्काने काम केलं. गुदद्वारात थर्मामीटर ठेवून ३७ अंश धरून ठेवणं मला अर्काच्या डोसाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

काम वाचवायचं असेल तर आयसोफ्लुरेनवर नवा कंट्रोल गट घ्या, आणि त्याच दिवसांत अर्काचेही काही उंदीर घ्या, आलटून-पालटून. केटामाइनची बॅच तिच्याच कंट्रोलशी तोला. दोन्हींकडे अर्काचा परिणाम एकाच दिशेने दिसला तर तुमचा दावा उलट बळकट होईल. पण त्याआधी भूल बदलल्याची दुरुस्ती संस्थेच्या प्राणी नीतिसमितीकडून मंजूर करून घ्या. आयसोफ्लुरेनवरचे उंदीर मंजुरीविना झाले असतील तर तेही समितीला आत्ताच कळवा.

फ्लो प्रोबचे (धमनीतला प्रवाह मोजणाऱ्या उपकरणाचे) मूळ आलेख असतील तर इथे टाका. फेरिक क्लोराइडचा फिल्टर पेपर धमनीला लावण्याआधीचा प्रवाह दोन बॅचमध्ये किती वेगळा होता, ते आधी पाहू.