विचला चेटकीण म्हणायचं, हडळ म्हणायचं की जखीण?

ताई, मुलांसाठी इंग्रजी फँटसी मराठीत करताना त्यातली जंगलात एकटी राहणारी विच तुमच्याकडून कुठे चेटकीण, कुठे हडळ, कुठे जखीण होतेय, तर तिन्ही चालतील का, असं विचारलंत. नाही चालणार, ह्या तिघी वेगवेगळ्या आहेत.

चेटकीण म्हणजे जिवंत बाई, चेटूक शिकलेली. हडळ मेलेली असते, भूत आहे ते, बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, तिचे पाय उलटे असतात असं गावाकडे सांगतात. आता फँटसीतली विच कढईत काढा उकळते, झाडूवर बसून उडते, एखाद्या पोरीला हाताखाली ठेवून विद्या शिकवते, तिला हडळ म्हटलं की गोष्टच मोडली.

जखीण तर मुळात माणूसच नाही. मूळ शब्द यक्षिणी, प्राकृतात जक्खिणी, मग आपली जखीण. नागपूरकरांना तर हे जवळचं वाटायला पाहिजे, कारण कालिदासाच्या मेघदूतातला शापित यक्ष वर्षभर ज्या रामगिरीवर राहिला तो आपला रामटेकच असं संस्कृतचे अभ्यासक वा. वि. मिराशींनी मांडलंय, आणि तिकडे अलकानगरीत त्याची वाट बघणारी बायको म्हणजे शब्दाच्या हिशेबाने जखीणच झाली ना! कुबेराच्या नगरीतली ती, अन् आज कोणाला जखीण म्हटलं तर शिवी होते. मला खरंच वाईट वाटतं ह्याचं. तुमच्या गोष्टीत खजिना राखणारी, वर नाहीतर शाप देणारी कोणी असेल तर तिला बिनधास्त जखीण म्हणा, शब्दाला त्याची जागा परत मिळेल.

राहिली विच. फँटसीत तिचे दोन साचे ठरलेले, एक नायकाला फसवणारी दुष्ट, ती चेटकीण. दुसरी नायकाला अट घालून, परीक्षा घेऊन मग वाट दाखवणारी, औषध देणारी. हिला चेटकीण करू नका. चेटकीण, डाकीण म्हणून आपल्याकडे खऱ्याखुऱ्या बायकांना मारहाण झालीय, 2013 मध्ये जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला, त्यामुळे मुलांच्या पुस्तकात भल्या बाईवर हा शब्द नको. गावाकडे 'जाणत्याकडे नेलं' म्हणतात त्यातलाच शब्द घ्या, जाणती म्हातारी. मला तरी हाच सगळ्यात चपखल वाटतो.

आणि विझर्डला जादूगार करू नका, मुलांना टोपीतून ससा काढणारा दिसेल. दुष्ट असेल तर चेटक्या, पांढऱ्या दाढीचा गुरू असेल तर सिद्धपुरुष.