सीतेची आसवं मांसाहारी कशी?

प्रश्न असा आहे : कासच्या पठारावर ‘सीतेची आसवं’ नावाची फुलं दाखवताना सोबतच्या वाटाड्याने ही वनस्पती मांसाहारी असल्याचं सांगितलं. हा शब्द बरोबर आहे का? आणि या आसवांचा द्राक्षासवाशी काही संबंध?

दुसऱ्याचं उत्तर सोपं. काही संबंध नाही. संस्कृत अश्रूचं प्राकृतातून आसू झालं, आणि गळू–गळवं तसं आसू–आसवं. (उदाहरण गोड नाही, पण व्याकरण तेच.) वनवासात सीतेच्या डोळ्यांतलं पाणी इथे सांडलं, अशी त्यामागची गोष्ट. ऑगस्ट-सप्टेंबरात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, नखाएवढ्या जांभळट निळ्या फुलांचा गालिचा दिसला, की नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते.

आता मांसाहारी. हा शब्द ऐकला की मला खानावळीची पाटीच दिसते. आहार म्हणजे पोट भरण्याचं रोजचं खाणं. या वनस्पती पोट भरतात ती उन्हावरच, बाकीच्या हिरव्या झाडांसारखी. अडचण जमिनीची असते. कासच्या जांभ्या कातळावर मातीचा जेमतेम थर, त्यातलं नत्र पावसाने धुऊन गेलेलं. ती उणीव शिकारीतून भरून निघते. म्हणजे किडा हे जेवण नव्हे, तोंडीलावणं! म्हणून मला कीटकभक्षी बरा वाटतो. त्यात भक्ष्य आहे, म्हणजे शिकार आहे.

त्याच सड्यावरच्या दवबिंदू नावाच्या वनस्पतीला तो शब्द चपखल बसतो. पानांवर तांबडे केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. खरं दव ऊन चढलं की उडून जातं, हे भर दुपारीही चमकत असतं. चिलट बसलं की अडकलंच. मग आजूबाजूचे केस हळूहळू त्याच्यावर वाकतात. याचं शास्त्रीय नाव ड्रॉसेरा, तेही ग्रीक भाषेतल्या ‘दवाने भिजलेला’ अशा अर्थाच्या शब्दावरून आलेलं.

पण सीतेच्या आसवांपाशी माझाही शब्द लंगडा पडतो. पुष्कळ लोक फुलात सापळा शोधतात. फूल बिचारं निरुपद्रवी, सापळे खाली ओल्या मातीत. मोहरीहूनही लहान पिशव्या. पिशवी आतलं पाणी बाहेर टाकून आक्रसून बसते. दाराच्या केसाला धक्का लागला की दार उघडतं आणि पाण्यासकट सावज आत ओढलं जातं, डोळ्याचं पातं लवायच्या आत. शास्त्रीय नाव युट्रिक्युलारिया, लॅटिनमधल्या ‘लहानशी कातडी पिशवी’ या शब्दावरून. आपल्याकडे तेला-तुपाची कातडी बुधली असे, तीच ही. आणि या बुधलीत सापडतात ते बहुतेक सूक्ष्म जीव, एकपेशीय वगैरे. त्यांना कीटक कसं म्हणणार?

ही ओढाताण इंग्रजीतही झाली आहे. डार्विनने 1875 साली या वनस्पतींवर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावात ‘कीटकभक्षी’ अशा अर्थाचाच शब्द होता. पुढे तिकडे मांसभक्षी अर्थाचा शब्द रुळला; आपलं ‘मांसाहारी’ बहुधा त्याचंच भाषांतर. तेव्हा वाटाड्याला चूक म्हणता येणार नाही. मांसभक्षी म्हणाला असता तर मी वादच घातला नसता.

मला स्वतःला नुसतं वर्णन करणारी नावं जास्त आवडतात. मेघालयातल्या घटपर्णी या अशाच शिकारी वनस्पतीचं पाहा : घट आणि पर्ण, बस. तिचा घट हा खरोखरच पानाचा भाग असतो, फूल नव्हे. गारो लोक तिला मेमांग-कोक्सी म्हणतात, म्हणजे भुताची टोपली. टोपलीत काय पडतं, ते ज्याचं त्याने वाकून बघावं.