बॉन्ड तुटताना एनर्जी सुटते की लागते?

प्रश्न: सर, मी खानापूर तालुक्यातली, दहावी मराठी मीडियममधनं केली, आता सेकंड पीयूसी (बारावी) सायन्स. बायोलॉजीत सांगतात एटीपीचा (पेशीला एनर्जी पुरवणारा रेणू) बॉन्ड तुटला की एनर्जी मिळते, केमिस्ट्रीत म्हणतात बॉन्ड तोडायला एनर्जी द्यावी लागते. खरं काय? आणि मिथेन जळतो त्याचं गणित बॉन्ड एन्थाल्पीवरनं (एक मोल बॉन्ड तोडायला लागणारी एनर्जी) केलं तर मोलमागं −८०२ किलोज्यूल येतंय, पुस्तकात −८९० आहे. कुठं चुकलं?

उत्तर: कुठंच नाही गं, गणित बरोबर आहे. बॉन्ड कुठलाही असू दे, तोडायला एनर्जी लागतेच, सुटते ती नवा बॉन्ड जुळताना. एटीपीचं पण तेच, तुटायला लागतेच, पण पाण्याशी रिअॅक्शन होऊन जे नवं तयार होतं ते जास्त स्थिर, म्हणून एकूण एनर्जी बाहेर पडते, बायोलॉजीवाले मधलं सगळं गाळून एकच ओळ सांगतात आणि पोरांच्या डोक्यात घोळ.

आता मिथेन. एक मिथेन आणि दोन ऑक्सिजन मिळून एक कार्बन डायऑक्साइड आणि दोन पाणी. खर्च, म्हणजे तोडायला लागणारी, बघ: चार सी-एच ४१३ नं १६५२, दोन ऑक्सिजन ४९८ नं ९९६, झाले २६४८. जमा, म्हणजे जुळताना सुटणारी: दोन सी-ओ डबल बॉन्ड ७९९ नं १५९८ आणि चार ओ-एच ४६३ नं १८५२, म्हणजे ३४५०. जमा ८०२ किलोज्यूलनं जास्त, ती उष्णता बाहेर गेली म्हणून वजा. यात ऑक्सिजनचा ४९८ नीट बघ, डबल बॉन्ड असून तसा कच्चाच आहे (नायट्रोजनचा ट्रिपल ९४५!), तो स्वस्तात तुटतो आणि बदल्यात पक्के बॉन्ड मिळतात, जळण्यातनं एवढी उष्णता येते त्याचं मोठं कारण हेच.

मग ८९० कसं? बॉन्ड एन्थाल्पी सगळं गॅसमध्ये धरते, म्हणजे तुझं पाणी वाफ आहे. पुस्तकात २५ डिग्रीचं लिक्विड पाणी धरलंय. वाफेचं पाणी होताना मोलमागं ४४ सुटतात, दोन मोलचे ८८, मिळव बघू. गुऱ्हाळावर चिपाडं ओली असली की चुलवण नीट तापत नाही ते ह्याच्याच उलट, बरीच आच पाण्याची वाफ करण्यातच जाते.

अजून एक, ४१३ हा अॅव्हरेज आहे, मिथेनचा पहिला सी-एच तोडायला ४३९ लागतात. त्यामुळं दोन पुस्तकांत पाच-दहाचा फरक दिसला तर घाबरू नको, पेपरात जे आकडे दिलेत तेच घे, आणि समीकरणात पाण्यापुढं (g) म्हणजे गॅस लिहिलंय की (l) म्हणजे लिक्विड ते आधी बघ.