लहान अग्निशमन केंद्राने आधी कोणते दूरनियंत्रित यंत्र मागावे?

सेलूच्या सदस्यांनी विचारले आहे की, जिनिंगमधील (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांतील) आगी लक्षात घेता त्यांच्या अग्निशमन केंद्रासाठी आग विझवणाऱ्या दूरनियंत्रित यंत्रमानवाची मागणी करावी का. या सेवेत तीस वर्षे काढलेला माणूस म्हणून मी सांगेन की मागणी जरूर करावी, परंतु यादीत तो पहिला लिहू नये.

त्याच्या उपयोगाबद्दल मला शंका नाही. १५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसच्या नोत्र दाम चर्चला आग लागून छत कोसळू लागले, तेव्हा तेथील दलाने जवानांऐवजी ‘कोलोसस’ हे दूरनियंत्रित यंत्र आत पाठवले. कापसाच्या आगीतही गाठी आतून धुमसत राहतात, थप्पी अचानक ढासळते आणि वरचे पत्रे खाली येतात. मात्र मिनिटाला २००० लिटर पाणी फेकणाऱ्या यंत्रामागे ५००० लिटरचा बंब अडीच मिनिटांत रिकामा होतो. मे महिन्यात टँकरवर जगणाऱ्या गावात पुढचे पाणी कोठून भरायचे, हे आधी ठरवावे लागेल.

मला खरी भीती विहिरीची वाटते. बंदिस्त जागेत दगावणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण दुसऱ्याला वाचवायला गेलेले असतात, असे अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९८६ मध्ये नोंदवले होते. एका उन्हाळ्यात मी ते प्रत्यक्ष पाहिले. पाणी उपसण्यासाठी विहिरीत उतरवलेल्या डिझेल इंजिनाचा धूर साचून एक शेतकरी खाली कोसळला, त्याला काढायला त्याचा भाऊ उतरला, आणि आम्ही पोहोचलो तेव्हा तिसरा माणूस कमरेला दोर बांधत होता. त्याला आम्ही बळेच मागे ओढले. ते दोघे भाऊ वाचले नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि गाळातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की नाकाला त्याचा वास कळेनासा होतो. त्यामुळे काठावरून वाकून अंदाज घेण्याला काहीच अर्थ नाही.

म्हणून पहिली मागणी दोराने खाली सोडता येणारा वायुमापक, वर पडद्यावर चित्र दाखवणारा दिव्याचा कॅमेरा, हवा भरणारा पंखा आणि माणसाला दोराने वर ओढणारी तिकाटण्यावरची (तीन पायांच्या घोडीवरची) चरखी यांची असावी. गोदाकाठच्या केंद्रांनी दूरनियंत्रित जीवरक्षक बोयाही (पाण्यावर तरंगत जाणारे कडे) घ्यावा. तो बुडणाऱ्यापर्यंत लवकर पोहोचतो, मात्र बेशुद्ध माणसाला तो धरता येत नाही.

यंत्र चालवायला किमान तिघांना शिकवावे, कारण शिकलेला एकटाच बदलून गेला की यंत्र कपाटात पडून राहते.