दुसऱ्यांदा बघ

बाळा,

परवा जिन्यात तू जे बोललीस ते डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसलो. "काका, संत तुकाराम सिनेमा बघितला, सगळे ग्रेट ग्रेट म्हणतात, मला तर झोप आली, माझ्यातच काही कमी आहे का, एफटीआयआयचा फॉर्म भरू की नको?" एवढं एका दमात बोललीस आणि मग खाली बघत हळूच सांगितलंस की दीडच्या स्पीडला बघितला. दीडच्या! अगं अभंग आहेत त्यात. मुहूर्त टळायला आलेल्या भटजींसारखे ऐकू आले असतील तुला त्यात तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस.

असो. चिडत नाही. तू हुशार आहेस, मेहनती आहेस वगैरे तुझी आई सांगेलच, मला एकच सांगायचंय. दुसऱ्यांदा बघ.

कंटाळा आला याची लाज कसली वाटते तुला? मलाही आला होता. मी विशीतला, खांद्याला झोळी, लॉ कॉलेज रोडला फिल्म अर्काइव्हचा, म्हणजे जुन्या सिनेमांच्या सरकारी संग्रहाचा, एक शो चुकवायचो नाही, सबटायटलवाले परदेशी सिनेमे बघायचे आणि नंतर अमृततुल्यात उभं राहून रात्री उशिरापर्यंत वाद घालायचे, त्यातले निम्मे सिनेमे मला कळलेले नसायचे हे आज कबूल करतो, तेव्हा केलं नसतं. त्याच नादात तुकाराम बघितला आणि एका शब्दात निकाल लावला, भाबडा. १९३६ चा सिनेमा, ३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झालेला, मुंबईत एका थिएटरला वर्षाच्या वर चाललेला, हे सगळं मला पाठ होतं. माहिती भरपूर होती गं. बघितला नव्हता एवढंच.

आता जे सांगतो ते काकूला सोडून कोणाला सांगितलेलं नाही. आमच्या अण्णांनी म्हणजे माझ्या वडिलांनी तो लहानपणी गावाला तंबूत बघितला होता, दहा-अकरा वर्षांचे असतील. नारायण पेठेत वाड्यात राहायचो आम्ही, खिडकीच्या गजाला आरसा टांगून अण्णा रोज सकाळी दाढी करायचे आणि गालाला साबण लावता लावता "आधी बीज एकले" म्हणायचे. एका रविवारी आत्या आणि तिच्या सासरची माणसं आलेली, अण्णा त्यांना म्हणाले, तुकोबांनी काय लिहून ठेवलंय बघा. मी आतून ओरडलो, अण्णा, तो तुकारामाचा अभंग नाहीचे, शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलेलं गाणं आहे ते. अण्णा म्हणाले, "असं होय." ब्लेड कागदात गुंडाळलं, वाटीतलं पाणी मोरीत ओतलं. त्यानंतर ते गाणं त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही.

माहिती बरोबर होती. हे मी अजूनही म्हणतो, भले भले फसलेत त्या गाण्यात. पण अण्णांनी तो सिनेमा कितीदा मनातल्या मनात बघितला असेल आणि मी एकदा बघून त्यांना शिकवायला गेलो.

अण्णा गेल्यावर दोन वर्षांनी कॅसेट मिळाली म्हणून दुसऱ्यांदा बघितला. आमचा मोठा तेव्हा टायफॉइडने झोपलेला, आतल्या खोलीत काकू त्याच्या कपाळावर पट्ट्या बदलतीये आणि मी बाहेर आवाज बारीक करून व्हीसीआर लावलेला (होय, तेव्हाही, बोल काय बोलायचं ते). आणि तुकारामाची बायको आवली आजारी पोराला घेऊन, हातात वहाण घेऊन विठोबाला जाब विचारायला देवळात शिरते तो सीन आला. पहिल्या वेळी मी हसलो होतो. गौरी नावाच्या बाईंनी केलंय ते काम, जरा बघ त्यांच्याकडे, अ‍ॅक्टिंग करतायत असं वाटतच नाही, रागात जी घाई असते ती आहे. शेवटी तुका विमानात बसून वैकुंठाला जातो आणि ही मागे, पोरं आहेत, घर आहे. मला तोपर्यंत वाटायचं सिनेमा तुकारामाचा आहे. अण्णांना विचारायचं होतं, तुम्ही तंबूत कोणाकडे बघत होतात? आजी एकटीने घर चालवायची हो त्यांच्या लहानपणी. आता कोणाला विचारू?

म्हणून म्हणतो, दुसऱ्यांदा बघ.

आणि दुसऱ्यांदा बघितला की सिनेमा मोठाच होतो असंही नाही, ही पोथी मी वाचत नाहीये. पिंजरा १९७२ ला आला तेव्हा डॉ. लागूंचे मास्तर बघून मी थिएटरात ढसाढसा रडलोय. पन्नाशीनंतर परत बघितला तर गाणी तशीच चोख, पण राग आला, मास्तर घसरला त्याचं पाप सगळं नाचणारीच्या पदरात टाकून बसलोय आपण असं वाटायला लागलं. काकू म्हणाली, मला तेव्हाच वाटलं होतं. मग बोलली का नाहीस? "तू रडत होतास."

तुझी ती अ‍ॅपवरची यादी, जानेवारीपासून १४३ सिनेमे, पोलिओचा डोस दिल्यासारखी प्रत्येकाला खूण. कशाला? परीक्षेत मोजणारेत का? आमच्याकडे दुसरी वेळ नशिबात असावी लागायची. सिंहगडावरच्या टॉवरवरून मुंबई दूरदर्शन दिसायचं, वाड्यात एकच टीव्ही, शनिवारी संध्याकाळी मराठी पिक्चर, वीस-पंचवीस डोकी, त्यात लाइट गेले की संपलं. चिमणराव मालिकेचा एक भाग चुकला की चुकला, प्रभावळकर आणि बाळ कर्वेंनी काय केलं ते दुसऱ्या दिवशी शेजारच्या पोराकडून ऐकायचं, तोही नीट सांगायचा नाही. आणि आलम आरा, आपला पहिला बोलपट, १९३१ चा, त्याची एकही प्रिंट उरलेली नाही, तो तर पहिल्यांदाही कोणाला बघता येत नाही. तुझ्या खिशात सगळं आहे आणि तू दीडच्या स्पीडने पळतीयेस.

बँकेत मी ऑफिसरची परीक्षा दिली नाही, प्रमोशन म्हणजे बदली आणि बदली म्हणजे अर्काइव्ह सुटणार. मोठा आता म्हणतो बाबांनी आयुष्य अंधारात बसून घालवलं. घालवलं तर घालवलं. माझ्याबरोबरचे परीक्षा देऊन कुठे कुठे जाऊन आले, रिटायर झाले आणि आता दुपारभर रील्स सरकवतायत, त्यांनी उजेडात बसून काय मोठं केलं? मोठ्याला हे मी तोंडावर बोललो नाही. पट्ट्या बदलायला मी नव्हतो हे त्याला कोणीतरी सांगितलेलं दिसतंय.

फॉर्मचं म्हणशील तर भर, त्यात विचारायचंय काय. तुकाराम काढणारी प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून १९३३ ला पुण्यात आली, त्यांचाच स्टुडिओ म्हणजे आजची तुझी एफटीआयआय, तुकाराम त्याच आवारात शूट झालाय. तिथे मुलाखतीत "मास्टरपीस आहे सर" असलं काही बोलू नकोस, त्यांचे कान किटले असतील. कंटाळा आला तर आला म्हण. पण नेमका कुठे आला, कुठल्या सीनला, आवली पडद्यावर होती की नव्हती, हे सांगता आलं पाहिजे, आणि ते एकदा बघून येत नाही, दीडच्या स्पीडला तर नाहीच नाही.

रविवारी चारला खाली ये. १३१ मिनिटांचा आहे, मोबाईल वरच ठेव. मी मध्ये बोलणार नाही, बोललो तर काकू गप्प करेल, या वेळी तीही बसणारे म्हणाली, तिने तो अजून एकदाही पुरता बघितलेला नाही.

तुझा,
खालच्या मजल्यावरचा काका