सेस्ना १७२ हे छोटं विमान स्पिनमध्ये (गिरक्या घेत खाली कोसळण्यात) गेलं तर सावरायचं कसं?

नाक खाली गेलेलं दिसलं की हात आपसूक योक (विमानाचं स्टिअरिंग) मागे ओढतो. नेमकं तेच टाळा. योक ओढला की पंख स्टॉलमध्येच (उचल हरवलेल्या अवस्थेत) अडकून राहतात. थ्रॉटल (इंजिनाची ताकद) पूर्ण मागे, एलेरॉन (पंखांवरच्या हलत्या पट्ट्या) मधोमध, फिरण्याच्या उलट बाजूचा रडर (पायाने चालणारं शेपटीचं सुकाणू) शेवटपर्यंत, आणि लगेच योक पुढे. फिरणं थांबताच रडर सरळ करा, मग हलक्या हाताने विमान वर घ्या. घाईने ओढलंत तर पुन्हा स्टॉल होईल. फिरण्याची दिशा कळेना, तर टर्न कोऑर्डिनेटरमधलं (वळण दाखवणाऱ्या उपकरणातलं) छोटं विमान बघा, खालचा बॉल नको.

एका फेरीतून सावरेपर्यंत साधारण १००० फूट जातात. धावपट्टीकडच्या शेवटच्या वळणावर एवढी उंचीच नसते, म्हणून तिथे वेग राखा, जादा रडर देऊन वळण आवळू नका. सराव फक्त प्रशिक्षकाबरोबर, युटिलिटी कॅटेगरीच्या (स्पिनला मान्यता असलेल्या वर्गाच्या) वजनमर्यादेतच.