वाचकांचे प्रश्न : आजीचं ‘मी आलो’ आणि पीएचडीचा विषय

पीएचडीच्या प्रवेशाची धांदल सुरू झाली की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत इंग्रजी, मराठी आणि भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांची पत्रं वाढतात. त्यातली चार या वेळी घेतली आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत, उत्तरं मात्र विषयाला लागली तेवढी लांब झाली.

मॅडम, मी कोल्हापूर जिल्ह्यात भुदरगड तालुक्यातल्या माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवतो. पीएचडीसाठी ‘ग्रामीण विद्यार्थ्यांच्या इंग्रजी अध्ययनातील समस्या व उपाय’ हा विषय मित्रांनी सुचवला आहे. प्रश्नावलीही तयार मिळते आहे. हा विषय घेऊ का?

घेऊ नका. या शीर्षकात ग्रामीणच्या जागी शहरी घातलं तरी फारसं काही बदलत नाही, आणि निष्कर्ष तर आधीच ठरलेला आहे : घरी वातावरण नाही, साधनं नाहीत, भीती वाटते. तयार प्रश्नावलीत ‘तुम्हाला इंग्रजी अवघड वाटते का?’ असं विचारलेलं असतं. समोर इंग्रजीचेच सर उभे असताना नववीतला पोरगा त्यावर काय खरं लिहिणार?

तुमच्याकडे याहून मोलाचा ऐवज आहे आणि तो दरवर्षी रद्दीत जातो. मुलांच्या निबंधाच्या वह्या! भाषावैज्ञानिक पिट कॉर्डर यांनी १९६७ साली एका छोट्या लेखात मांडलं, की शिकणाऱ्याच्या डोक्यात या घडीला कोणता नियम तयार झाला आहे याचा पुरावा त्याच्या चुकीत असतो. पुढे १९७२ मध्ये लॅरी सेलिंकर यांनी शिकणाऱ्याची ही मधली, अर्धी झालेली भाषा स्वतंत्रपणे अभ्यासायला हवी असं दाखवलं. आता तुमच्या वर्गात सहज सापडतील अशी तीन वाक्यं बघा. ‘टु मी फीव्हर केम’. यामागे ‘मला ताप आला’ सरळ दिसतं. ‘आय गोएड टु जोतिबा’. हे मराठीतून आलेलं नाही. इंग्रजी घरातली लहान मुलंही असंच बोलतात, कारण भूतकाळाचा नियम त्यांना कळलेला असतो आणि अपवाद अजून कळायचा असतो. ‘आय ॲम प्ले क्रिकेट’. याचं मूळ बहुधा आपल्या शिकवण्यात आहे. ‘आय ॲम अ बॉय’ इतकं घोकून घेतलं जातं, की ‘आय ॲम’ हा मुलांना एकच शब्द वाटायला लागतो. तिन्हींवर आपण सारखीच लाल रेघ मारतो, पण तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि म्हणून उपायही वेगळे.

तेव्हा एकच मुद्दा धरा. समजा, फक्त भूतकाळ. आठवीतली मुलं दहावीत जाईपर्यंत त्यांचा भूतकाळ कसा घडत जातो ते बघा. राज्यात जून २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आठवीत आलेल्या मुलाच्या मागे सात वर्षांचं इंग्रजी असतं, आणि त्या सात वर्षांनी त्याच्या डोक्यात नेमकं काय ठेवलं हे सांगणारा अभ्यास मला फार हवाहवासा वाटतो. ‘माय फेव्हरेट फेस्टिव्हल’ लिहायला दिलात तर गाइडमधला पाठ केलेला निबंध हाती येईल. त्यापेक्षा ‘काल संध्याकाळी घरी काय घडलं’ ते लिहायला सांगा. तपासण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा, त्यावर तारीख घाला आणि मुलाच्या नावाऐवजी खूण वापरा. मुख्याध्यापकांची आणि पालकांची लेखी परवानगी पहिल्याच आठवड्यात घ्या. नंतर ती मागताना अवघड जातं.

उपायांचं प्रकरण लिहायचंच असेल तर आधी एन. एस. प्रभू यांचा बंगळूर प्रकल्प वाचा. १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांमध्ये त्यांनी व्याकरणाचे धडे बाजूला ठेवले आणि मुलांना वेळापत्रकं, नकाशे असली कोडी सोडवायला देऊन इंग्रजी शिकवलं. गारगोटी स्टँडवरचं एसटीचं वेळापत्रक तुमच्या वर्गात तेच काम करील. कोणती गाडी चुकली, आता कोल्हापूरला किती वाजता पोचणार, हे मुलांना इंग्रजीत सांगू द्या आणि त्या वेळी ती भूतकाळ कसा वापरतात ते टिपा.

मॅडम, मी इचलकरंजीच्या एका महाविद्यालयात सहायक प्राध्यापक आहे. मोबाइलवर सारखे संदेश येतात : तीन दिवसांत लेख छापू, आयएसएसएन आहे, मोठा इम्पॅक्ट फॅक्टर आहे, प्रमाणपत्र मिळेल. विश्वासार्ह नियतकालिकांची केअर यादीही आता बंद झाली. विश्वास कोणावर ठेवायचा? आणि एआय जे संदर्भ देतं त्यांचं काय?

तीन दिवसांत छापणारा तुमचा लेख वाचत नाही, हे धरून चला. आयएसएसएन हा नियतकालिकाचा नुसता ओळखक्रमांक आहे. गाडीला नंबर मिळाला म्हणून तिचे ब्रेक चांगले ठरत नाहीत. नियतकालिकातल्या लेखांचे इतरांनी किती उल्लेख केले यावरचा ‘जर्नल इम्पॅक्ट फॅक्टर’ हा आकडा क्लॅरिव्हेट ही कंपनी काढते. त्याच्याशी मिळत्याजुळत्या नावांचे आकडे विकणारे पुष्कळ आहेत आणि त्या आकड्यांना अर्थ नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली आणि नियतकालिक पारखण्याचे निकष सुचवून जबाबदारी आपल्यावर टाकली. मला हे एका परीने बरं वाटलं. यादी होती तेव्हा यादीतल्या नावांची हुबेहूब नक्कल करणारी संकेतस्थळंही निघाली होती, आणि यादीत नाव दिसलं की अंक उघडून बघायचे कष्ट कोणी घेत नव्हतं. आता ते घ्या. नियतकालिकाचे दोन जुने अंक उघडा आणि तुमच्या विषयावरचा एक लेख पूर्ण वाचा. एकाच अंकात संतसाहित्य, नॅनोटेक्नॉलॉजी आणि कुक्कुटपालन असेल तर तिथूनच परत फिरा. संपादक मंडळातल्या एखाद्या प्राध्यापकाला ईमेल करून विचारा. आपलं नाव तिथे छापलंय हे काहींना ठाऊकसुद्धा नसतं. डीओएजे ही मुक्त नियतकालिकांची सूची फुकट पाहता येते, तीही बघून घ्या.

तुमच्या हाताखालच्या विद्यार्थ्यांनाही एक सांगा. आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनी प्रबंध सादर करण्याआधी लेख छापण्याची सक्ती काढली आहे. विद्यापीठाची स्वतःची काही अट आहे का, एवढं विभागात विचारायचं आणि मगच खिशात हात घालायचा. लेख छापून आणायला एखादी मुलगी कर्ज काढते तेव्हा मला फार राग येतो, आणि तो राग तिच्यावर नसतो.

एआयने दिलेल्या संदर्भांबद्दलही तुम्ही विचारलंय. लेखकाचं नाव खरं, नियतकालिक खरं आणि लेखच अस्तित्वात नाही, असं त्यात सर्रास घडतं. जो लेख स्वतः उघडून वाचलेला नाही त्याचा उल्लेख करायचा नाही, मग तो कोणीही सुचवलेला असो.

मॅडम, मी शिरोळ तालुक्यातली. भाषाविज्ञानात एमए करते. माझी आजी, आई, चुलत्या सगळ्या ‘मी आलो’, ‘मी जातो’ असंच म्हणतात. यावर लघुप्रबंध लिहायचं ठरवलं तर वर्गातल्या मुली हसल्या, आणि एक सर म्हणाले की हे अशुद्ध बोलणं आहे, यात संशोधन कसलं? विषय बदलू का?

बदलू नकोस! तुझं पत्र आलं त्या दिवशी मला फार आनंद झाला. मी स्वतः आयुष्यभर वर्गात ‘मी आले’ आणि माहेरी ‘मी आलो’ म्हणत आले आहे. माझ्या पिढीतल्या किती बायकांनी कॉलेजात पाऊल टाकताना हा बदल केला असेल, हे कोणीतरी नीट मांडायला हवं होतं. ते तू करते आहेस.

अशुद्ध हा शब्द आधी वहीतून काढ. ही रूपं यादृच्छिक नाहीत, त्यांना नियम आहे. ‘मी आलो’ म्हणणारी तुझी आजी शेजारणीबद्दल ‘ती आली’ असंच म्हणते, ‘तो आला’ म्हणत नाही. लिंगभेद पुसला जातो तो फक्त बोलणाऱ्या ‘मी’पुरता. मग प्रश्न असा की तिथेच का?

एक उत्तर सगळे पटकन देतात : कानडीचा परिणाम. ते मोहक आहे, कारण कानडीत बाई असो की पुरुष, ‘नानु बंदे’ असंच म्हणतात. तृतीय पुरुषात मात्र तो आला आणि ती आली यांची रूपं वेगळी होतात. नेमकी आजीसारखीच रचना! आणि आपल्या भागात भाषा एकमेकींत किती खोल शिरतात याचा जगभर वाचला जाणारा अभ्यास तुझ्या गावापासून जवळच झालेला आहे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या संशोधकांनी सांगलीजवळच्या कुपवाडच्या मराठी, कानडी आणि उर्दूवर लिहिलेला लेख १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथला मराठी माणूस ‘पाला जरा कापून घेऊन आलो’ म्हणतो आणि उर्दू बोलणारा ‘पाला जरा काट के ले के आया’. कानडी वाक्याचीही ठेवण तीच. शब्द आपापले, पण वाक्याचा सांगाडा तिघांचा एक. भाषासंपर्काच्या पाठ्यपुस्तकांत हे गाव पोचलं. आता ते महानगरपालिकेत गेलंय, तिथे औद्योगिक वसाहत आहे, आणि आज तिथे काय बोललं जातं हाही एक विषय आहे. कोणी घेतला तर मला कळवा.

तरी पण कानडीवर लगेच शिक्का मारू नकोस, कारण दुसरं उत्तर मराठीच्या घरातच आहे. प्रमाण मराठीतही बायका ‘आम्ही आलो’, ‘आम्ही जातो’ म्हणतात. अनेकवचनात बोलणाऱ्याचं लिंग दिसतच नाही. तेच रूप एकवचनात सरकलं असेल तर कानडीची गरज उरत नाही. या दोन उत्तरांतलं कुठलं खरं हे घरी बसून कळणार नाही. त्यासाठी गावं निवडावी लागतील : शिरोळ, गडहिंग्लज अशी कानडीला चिकटलेली, आणि शाहूवाडी, पन्हाळ्याच्या डोंगरातली, जिथे रोजच्या बोलण्यात कानडी नाही. डोंगरातल्या म्हाताऱ्या बायकाही तितक्याच सहज ‘मी आलो’ म्हणत असतील तर कानडीचा दावा लंगडा पडेल. सीमेकडे जावं तसं प्रमाण वाढत असेल तर तो भक्कम होईल. खरं सांगायचं तर दोन्ही कारणांनी एकमेकांना हात दिला असण्याचीही शक्यता आहे, आणि मला स्वतःला तीच जास्त पटते. पण तू पुराव्याकडे बघ, माझ्याकडे नको.

आणखी काही बारकावे शोध. ‘मी आलो’ म्हणणारी बाई ‘मी थोरली हाय’ म्हणते की ‘मी थोरला हाय’? म्हणजे क्रियापद बदलतं तेव्हा विशेषणही बदलतं का? भावाशी, सासूशी, बँकेतल्या साहेबाशी बोलताना रूप तेच राहतं का? दहावीनंतर शिकलेल्या मुली कुठे थांबतात?

थेट विचारू नकोस. ‘तुम्ही आलो म्हणता की आले?’ असं विचारलंस की बाई सावध होणार आणि ‘आले’ म्हणणार. भाषावैज्ञानिक विल्यम लबॉव्ह यांनी अमेरिकेत यावर तोड काढली होती. ‘जिवावर बेतलं असा प्रसंग कधी आला का?’ असं ते विचारायचे. माणूस ती हकीकत सांगण्यात रंगला की बोलण्यावरचा पहारा सुटतो. शिरोळ तालुक्यात तुला असा प्रसंग शोधावा लागणार नाही. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुराबद्दल विचार. जनावरं कशी सोडली, छावणीत कसे दिवस काढले, हे सांगताना प्रत्येक वाक्यात ‘मी’ येईल. मात्र जिच्या घरातलं कोणी गेलंय तिला हे विचारायचं नाही, आणि विषय दुखरा निघाला तर रेकॉर्डिंग तिथेच बंद.

परवानगी आधी घे आणि ती बोलण्याच्या आरंभी रेकॉर्डही कर. आवाज डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये ठेव. लिहून काढायला ‘इलान’ हे मोफत सॉफ्टवेअर आहे, नायमेखनच्या माक्स प्लांक संस्थेचं. त्यात आवाजाखाली लिहून काढलेली ओळ येते, त्यामुळे परीक्षकालाही तपासता येतं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने केलेलं मराठी बोलींचं सर्वेक्षण संकेतस्थळावर ध्वनिफितींसह आहे. कामाला लागण्याआधी ते ऐक. ग्रिअर्सन यांच्या ब्रिटिश काळातल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा सातवा खंड मराठीचा, १९०५ सालचा. तोही चाळ, पण त्यातले नमुने बहुतेक सरकारी यंत्रणेमार्फत गोळा झालेले, एका ठरावीक गोष्टीच्या भाषांतराचे आहेत. चुलीपुढे बसलेल्या बाईचं बोलणं त्यात शोधू नकोस. ते तुझ्या आजीकडेच मिळेल.

त्या सरांना पहिली दहा पानं झाली की दाखव. भांडू नकोस.

मॅडम, मी बँकेतून निवृत्त झालो आहे. ग्रामीण कथेचं वाचन आयुष्यभर केलं. पदवी साधी बीकॉम. माझ्यासारख्याला साहित्यात संशोधन करता येईल का, की त्यासाठी पाश्चात्त्य सिद्धान्त आधी वाचावे लागतील?

येईल, आणि पदवीसाठी करायचं नाही म्हणून तुम्हाला घाईही नाही. सिद्धान्त मागाहून वाचा. आपल्याकडे एका कामाकडे फार थोडे लोक वळतात : कथा आधी मासिकात किंवा दिवाळी अंकात येते, मग संग्रहात, आणि मध्ये तिच्यात बदल होतात. बोलीतले शब्द मऊ होतात, एखादी शिवी जाते, शेवट बदलतो. हे लेखकाने केलं, संपादकाने केलं की प्रकाशकाने, हे कळलं तर ग्रामीण कथेचा इतिहास वेगळा लिहावा लागेल. बँकेत आयुष्यभर नोंदी ताडून पाहिलेल्या माणसाची नजर या कामाला हवीच आहे.

तुमच्या आवडीचा कोल्हापूर भागातला एकच कथाकार घ्या. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं, तिथून सुरुवात करा आणि नंतर शिवाजी विद्यापीठाच्या बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात जा. आधी झालेले प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर घरबसल्या वाचता येतात, म्हणजे दुसऱ्याने केलेलं काम पुन्हा व्हायचं नाही. अंकाचं वर्ष, महिना आणि पान तिथल्या तिथे लिहून ठेवा. जुने अंक झेरॉक्सला देऊ नका, कागद तुटतो. ग्रंथपालांना विचारून मोबाइलने फोटो काढा. पहिली कथा दोन्ही रूपांत शेजारी शेजारी मांडून झाली की पुढच्या दहा कथा कुठल्या घ्यायच्या ते तुमचं तुम्हालाच दिसेल.